ठिपका नेमका कुणाचा

खडकवासल्याच्या पाण्यात, काठापासून चांगलं आत, एका कंदीलपुष्पाचा ठिपका. पुण्याच्या आसपासच्या रानफुलांचा नकाशा पडद्यावर मोठा करत गेलं की असलं काहीतरी हमखास सापडतं. खडकाळ उतारावर झुडपाचा आधार घेऊन चढणारी ही नाजूक वेल धरणाच्या पाण्यात काय करते? बघणारा हसतो, कुणाचा तरी फोन गंडला असणार म्हणतो आणि पुढे सरकतो. पण ठिपका डोक्यातून जात नाही. आजूबाजूचे बाकीचे ठिपके जमिनीवर पडलेत, एवढ्यावरून आपण ते बरोबर धरून चाललोय, हे तिथे पहिल्यांदा खटकतं. पाण्यातला ठिपका निदान लगेच दिसतो. डोंगरावर चुकीच्या जागी पडलेल्या ठिपक्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि तो वर्षानुवर्षं याद्यांमधून फिरत राहतो.

खरं तर पाण्यातल्या त्या ठिपक्यात कुणाचा दोषही नसतो. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी फोटोसह टाकायच्या संकेतस्थळावर, धोक्यातल्या जातीची नोंद टाकली की तिची जागा आपोआप झाकली जाते. खरी जागा ०.२ अंश गुणिले ०.२ अंशाच्या ज्या चौकोनात येते, त्या चौकोनात कुठेही, सोडत काढल्यासारखा, ठिपका दाखवला जातो. पुण्याच्या अक्षांशावर असा चौकोन साधारण २२ किलोमीटर उत्तर-दक्षिण आणि २१ किलोमीटर पूर्व-पश्चिम भरतो. म्हणजे बावधनच्या डोंगरावरची वेल खडकवासल्यात बुडालेली दिसणं अगदी नियमात बसतं. झाकण्यामागचं कारणही रास्त आहे. कंद खणून नेणारे आहेत, आमरी (ऑर्किड) मुळासकट उपटून घरच्या कुंडीत लावणारे आहेत. तिथे ती सहसा तग धरत नाही, मग पुढच्या पावसाळ्यात दुसरी. आणि हल्ली फोटोवाल्यांची भर पडली आहे. जमिनीलगतच्या फुलाचा चांगला फोटो हवा म्हणून कोपरांवर पालथं झोपलं की त्याच जातीची अजून फुलावर न आलेली रोपं पोटाखाली जातात. एकाच फुलापुढे सकाळभर रांग लागली की तिथली माती नुसती चोपून निघते. तेव्हा झाकाझाक हवीच. भानगड होते ती त्या नोंदी कुणी उतरवून घेतो आणि अचूकतेचा रकाना न वाचताच ठिपके खऱ्या जागा म्हणून वापरतो तेव्हा. त्या रकान्यात हजारो मीटरचा आकडा लिहिलेला असतो. तो असेल तर ती नोंद 'पुण्याच्या नैऋत्येला कुठेतरी' एवढ्याच लायकीची, आणि तेवढ्यापुरतीच वापरायची.

एका ठिपक्याने एवढं काय बिघडतं? बरंच बिघडतं. कुठली जात किती धोक्यात आहे ते सांगणाऱ्या, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीसाठी एखाद्या जातीने प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र २ किलोमीटर बाजूच्या चौकटींमध्ये मोजतात. चौकटीत एक रोप असो की हजार, ती चौकट भरली, ४ चौरस किलोमीटर जमा. हे क्षेत्र १० चौरस किलोमीटरच्या आत असेल आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेली वस्ती, सतत होणारी घट अशा इतर अटीही लागू पडत असतील, तर ती जात अतिसंकटग्रस्त. ५०० च्या आत संकटग्रस्त, २००० च्या आत असुरक्षित. आता हिशोब करा. दोन चौकटींत उरलेल्या जातीचं क्षेत्र ८ चौरस किलोमीटर. तिसऱ्या चौकटीत एक खोटा ठिपका पडला की १२, आणि जात कागदावर एक पायरी सुरक्षित. दुसरं माप असतं सगळ्यात बाहेरच्या ठिपक्यांभोवती ताणून काढलेल्या बहुभुजाकृतीचं. तिथे लांबवर भरकटलेला एक ठिपका आणखी महागात पडतो, कारण तो शेकडो चौरस किलोमीटर मोकळा मुलूख आत ओढून घेतो. हौशी माणसाला वाटतं, आपली एक नोंद इकडेतिकडे झाली तर कुणाला कळणार आहे. दुर्मिळ जातीच्या बाबतीत सगळ्या मिळून नोंदीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. बरोबर ठिपकेसुद्धा झाडाचे किती आणि माणसाचे किती, हे.

पुण्याच्या कुठल्याही फुलाचा नकाशा उघडा, आकार ओळखीचा निघतो. वेताळ टेकडीची रोजची चालायची वाट, सिंहगडाची आतकरवाडीकडची पायवाट, ताम्हिणीच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाडी लावून चालत जाता येईल तेवढी पट्टी, लोणावळ्याची पठारं. वार काढून बघितले तर बहुतेक रविवार, वेळ सकाळी सात ते अकरा. हा नकाशा फुलांचा आहे तसा पार्किंगचाही आहे, आणि अकराच्या मिसळीचाही. वेल्ह्याच्या आतल्या सोंडा, भोरच्या दक्षिणेकडचे उतार, शिरूर-दौंडची माळरानं इथे नकाशा पांढराफटक. त्या पांढऱ्या जागेचा अर्थ 'इथे हे फूल नाही' असा लावायचा की 'इथे कुणी गेलं नाही' असा, हे नकाशा सांगत नाही.

हे आजचं नाही. थिओडोर कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्याची त्यांची फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची वर्णनासह सूची, १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाली, आणि आजही पुणेकर वनस्पतीवाल्यांचं तिच्यावाचून चालत नाही. प्रत्येक जातीखाली जागा, तिच्यापुढे नमुना गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. उद्गारचिन्हाचा अर्थ, हा नमुना मी स्वतः पाहिला आहे. वुड्रो, कानिटकर, भिवा ही नावं पानोपानी भेटतात. जागा बघाव्यात तर लोणावळा, खंडाळा, कात्रजचा घाट, सिंहगड, पुरंदर. रेल्वे जिथे पोचत होती, बंगला जिथे होता, गोऱ्या लोकांचं उन्हाळी बिऱ्हाड जिथे होतं, तिथे नोंदी दाट. पुढे १९५० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी पुरंदर पुन्हा पुन्हा चढून त्या एका डोंगराची फ्लोरा लिहिली. तेवढ्या बारकाईने पाहिलेले डोंगर आपल्याकडे मोजके. बाकीच्यांवर जे उगवत नाही असं आपण समजतो, त्यातलं बरंचसं फक्त पाहिलेलं नाही.

जुन्या नोंदी नकाशावर आणायचं एक शास्त्र आहे, आणि घरबसल्या करण्यासारखं, म्हणून हौशी मंडळींना ते मानवतं. कोरेगाव रोडवर बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) किंवा आघारकर संस्थेत एखादी जुनी शीट समोर येते. जाड कागदावर पिवळट-तपकिरी पडलेली फांदी, गळून पडलेल्या फुलांसाठी कोपऱ्यात चिकटवलेलं छोटं पाकीट, उजव्या हाताला खाली लेबल. लेबलावर जागा एवढीच: पूना. याला अक्षांश-रेखांश द्यायचे म्हणजे शनिवारवाड्यावर टाचणी टोचायची नाही. मधला बिंदू धरायचा आणि सोबत त्रिज्या लिहायची, म्हणजे खरी जागा या वर्तुळात कुठेतरी आहे. 'पूना'साठी दहा किलोमीटरची त्रिज्यासुद्धा फार नाही. 'कात्रज घाट' असेल तर दोन-तीन किलोमीटर पुरतात. 'सिंहगड, माथा' असेल तर शंभर-दोनशे मीटर. जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरून वाचत असाल (पुणे शहर ४७ एफ/१४, सिंहगड-पुरंदर ४७ एफ/१५) तर लक्षात ठेवायचं की त्यांचे अक्षांश-रेखांश 'एव्हरेस्ट' या जुन्या मापनआधारावर बेतलेले आणि फोनचे 'डब्ल्यूजीएस ८४' या दुसऱ्या आधारावर. दोन्ही आकडे एकाच रकान्यात मिसळले की ठिपके गुपचूप सरकतात. त्रिज्या न लिहिलेली जुनी नोंद कामाची नाही, मग ती कितीही मोठ्या माणसाने गोळा केलेली असो.

नव्या नोंदींची दुखणी निराळी. फोनचा जीपीएस उघड्या पठारावर पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर सांगतो, पण खिशातून काढल्या काढल्या नाही. कॅमेरा उघडून लगेच फोटो काढला तर फोन शेवटची माहीत असलेली जागा चिकटवून मोकळा होतो, आणि ती जागा बऱ्याचदा पायथ्याच्या चहाच्या टपरीची असते. आधी नकाशा उघडून निळं वर्तुळ आक्रसेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग कॅमेरा. ओढ्याच्या घळीत किंवा कड्याच्या पोटाशी आकाश अर्धंच दिसतं; तिथे तीस-पन्नास मीटरची चूक नेहमीची. सपाटीवर तेवढ्याने काही होत नाही, पण कड्याच्या काठावर आडवे तीस मीटर म्हणजे उभे दोनशे मीटर. माथ्यावरच्या गवतातलं झाड पायथ्याच्या झाडीत जाऊन पडतं. म्हणून आकड्याबरोबर 'माथ्याचं पठार', 'कड्याची कपार', 'ओढ्याचा डावा काठ' असे दोन शब्द वहीत लिहिलेले असले की नंतर नोंद वाचवता येते. दशांशाचे पाच अंक पुरतात, पाचवा अंक म्हणजे जवळपास एक मीटर. तीनच लिहिले तर शंभरेक मीटरची ढिलाई. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती गळून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहते. ग्रुपवर आलेला फोटो 'कुठला आहे?' 'मुळशीचा वाटतं' एवढ्यावर नकाशात जाताना दिसतो, तेव्हा कपाळाला हात लावावासा वाटतो.

जागा जमली तरी झाड कुठलं हे ठरायचं असतं. कंदीलपुष्पाचंच घ्या. फूल नसताना ती समोरासमोर पानांची एक बारीक वेल, उपळसरीसारखी दिसणारी. पान मोडून बघावं तर उपळसरीला पांढरा चीक येतो, हिला पाण्यासारखा. फूल आलं की मात्र प्रकरण वेगळंच. बुडाशी फुगलेली नळी, वर निमुळती होत गेलेली, आणि तोंडाशी पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. आत खालच्या दिशेने वळलेले केस. चिलटाएवढी माशी वासाने आत शिरते आणि ते केस तिला बाहेर येऊ देत नाहीत. काही काळाने केस सुकतात, फूल कलतं, आणि परागांची गाठोडी घेऊन माशी सुटते. जाती वेगळ्या करायच्या तर नळीच्या आतला, बुडाशी असलेला पाच कोनांचा मुकुट बघावा लागतो, आणि समोरून काढलेल्या देखण्या फोटोत तो येतच नाही. वेलीवर भरपूर फुलं असतील तर त्यातलं एक पात्याने उभं चिरायचं, दहापट भिंगातून फोटो घ्यायचा, शेजारी मिलिमीटरची पट्टी. दोन-तीनच फुलं असतील तर चिरायचं नाही, नोंद फक्त प्रजातीपर्यंत (जीनसपर्यंत) लिहायची, जात सोडून द्यायची. कावळा (स्मिथिया) या रानफुलाचंही असंच. पिवळ्या फुलावरून जात ठरत नाही, निदलावरचे केस आणि पर्णिकांची संख्या लागते. गेंदांच्या (इरिओकॉलॉन) जातींना तर बी सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून एका झाडाचे पाच फोटो: पूर्ण रोप आजूबाजूच्या जमिनीसह, पान वरून, पान खालून, फूल समोरून, फूल बाजूने. फळ असेल तर सहावा. अ‍ॅप फोटो बघून नाव सुचवतं ते सुरुवातीला ठीक, पण ते ज्या फोटोंवर शिकलंय ते पुन्हा त्याच चार पायवाटांवरचे. ताम्हिणीच्या दाट नोंदींमुळे वेल्ह्यातल्या वेगळ्या जातीलाही ते ताम्हिणीचंच नाव देऊन बसतं, आणि दुसरा कुणी हौशी 'सहमत'वर बोट ठेवतो. झालं पक्कं.

आता त्या पांढऱ्या चौकटींकडे. माझ्या मते हौशी माणूस सगळ्यात मोलाचं जे काम करू शकतो ते हे, आणि नेमकं तेच कुणाला करावंसं वाटत नाही: न सापडल्याची नोंद. दुर्मिळ फुलाचा फोटो टाकला की कौतुक होतं. चार तास हिंडून घाणेरी, रानमोडी, तेरडा आणि कुसळी गवत लिहून आणलं तर कोण विचारतो? पण चौकटीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत दिसलेल्या प्रत्येक जातीची पूर्ण यादी, सोबत तारीख, वेळ आणि चाललेली वाट असेल, तरच त्या यादीत कंदीलपुष्प नाही याला काही अर्थ येतो. चौकटी आखायला सॉफ्टवेअर लागत नाही. अक्षांश-रेखांशाचे ०.०२ अंशाचे तुकडे पाडले की साधारण २.२ गुणिले २.१ किलोमीटरची चौकट मिळते, आणि आपण कुठल्या चौकटीत आहोत हे फोनवरच्या आकड्यांचे दशांशानंतरचे पहिले दोन अंक वाचून कळतं. लाल यादीचं गणित करताना अचूक दोन किलोमीटरची जाळी वेगळी टाकता येते. रानात एवढं बास.

न सापडण्यालाही ऋतू असतो. रानकांदा एप्रिल-मेमध्ये पानांशिवाय नुसता दांडा वर काढून फुलतो. जुलैमध्ये गेलात तर पानं दिसतील आणि नाव सुचणार नाही. शेवळाचा फुलोरा पहिल्या पावसाला, पान नंतर. दोन्ही एकाच झाडाचे, हे नवख्याला सांगूनही पटत नाही. दीपकाडी, मुसळी, जमिनीला चिकटलेल्या एकाच पानाची आमरी या मंडळींचा खेळ जून-जुलैच्या काही आठवड्यांत आटोपतो. त्यानंतर उरतं ते गवतात मिसळलेलं पातं. तेव्हा एका चौकटीला एक फेरी पुरत नाही. वळवानंतर एक, श्रावणाच्या सुमाराला एक, पावसाळा सरताना एक, आणि झाडांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक, पांगारा, गणेर, पळस निष्पर्ण फुललेले असताना. कड्यांना तर वेगळाच माणूस लागतो. शिंदळ माकुडी ही शिवनेरी, पुरंदर-वज्रगड अशा किल्ल्यांच्या उभ्या कातळावरची. मांसल खोड, गडद तांबड्या रंगाचं पिवळे ठिपके असलेलं चांदणीसारखं फूल, आणि जागा अशी की पायवाटेवरून दुर्बिणीतून बघावी. तिच्या नव्या चौकटी वनस्पतीवाल्यापेक्षा दोरावर लटकणाऱ्या ट्रेकरला लवकर सापडतील. त्याला सप्टेंबरमधलं तिचं एक छायाचित्र आधी दाखवून ठेवायचं आणि हात लावू नकोस म्हणून दोनदा बजावायचं.

साध्या, नकोशा झाडाची नोंदसुद्धा कधी इतिहास होते. गाजरगवत भारतात पसरू लागल्याची पहिली दखल पुण्यात घेतली गेली, १९५५ साली दिसलेल्या रोपांवरून. तेव्हा ते एक अनोळखी, पांढऱ्या बारीक फुलांचं तण होतं. कुणीतरी वाकून पाहिलं आणि तारखेसह लिहून ठेवलं, म्हणून पुढचा सगळा पसारा कुठून मोजायचा ते आज कळतं.

देशी-विदेशीचा घोळ मात्र नकाशावर सगळ्यात जास्त. ताम्हण आपलं राज्यपुष्प, पण त्याची नैसर्गिक जागा कोकण-घाटातले ओढे. पुण्यातल्या रस्त्याकडेची ताम्हणं महापालिकेने किंवा सोसायट्यांनी लावलेली. ती नकाशात 'देशी, नोंद झाली' म्हणून शिरली की ताम्हण कोरड्या पठारावरही उगवतं असा निष्कर्ष निघतो. अर्जुन नदीकाठचा, टेकडीच्या टोकावर दिसला तर कुणीतरी लावलाय. म्हणून प्रत्येक झाडापुढे एक अक्षर: लावलेलं 'ल', आपसूक उगवलेलं 'आ', कळत नसेल तर 'क'. ओळीत, सारख्या अंतरावर, सारख्या वयाची उभी असतील तर 'ल'. आसपास वेगवेगळ्या उंचीची पिलावळ असेल तर 'आ'. गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) टेकड्यांवर आधी लागवड झाली आणि मग ते आपलं आपण पसरलं, तिथे दोन्ही अक्षरं लिहावी लागतात.

या अक्षराचा उपयोग खड्डे खणायच्या वेळी होतो. मे महिन्यात टेकडीचं पठार बघितलं की कुणालाही ओसाड वाटतं. मुरूम, वाळकं गवत, इकडेतिकडे हेंकळ. मग जूनमध्ये हौसेने झाडं लावायला माणसं येतात, दीड-दोन फुटांचे खड्डे घेतात, बाहेरून आणलेली लाल माती ओततात. नेमके त्याच आठवड्यांत त्याच मुरमाखालून मुसळी, दीपकाडी आणि आमरी वर येत असतात. लाल मातीबरोबर कॉसमॉस आणि गाजरगवताचं बीही येतं, फुकट. उतारावर सलग समतल चर खणले की कंदांचा थर उलटापालटा होतो. लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून तर बोलणं अवघड जातं. अशा वेळी 'इथे दुर्मिळ वनस्पती आहेत' एवढं म्हणून भागत नाही. अमुक चौकटीत, अमुक तारखांना, इतक्या जाती, त्यातल्या कंदवर्गीय एवढ्या, असा कागद जैवविविधता समितीपुढे किंवा वनखात्याच्या टेबलावर ठेवता आला, तर खड्डे पन्नास मीटर खाली, आधीच गिरिपुष्पाने व्यापलेल्या पट्ट्यात सरकवा म्हणून निदान मागणी करता येते. त्या कागदावर मात्र झाकलेले आकडे चालत नाहीत, खरेच लागतात. ते वेबसाइटवर न टाकता वहीत आणि दोन-तीन भरवशाच्या माणसांकडे असलेले बरे.

आणि पूर्वेकडे कुणी जाईल का? ताम्हिणीत वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शहरात सातशेच्या घरात, दौंडकडे पाचशेच्या आसपास, आणि हे सगळं दीडशे किलोमीटरच्या आत. अंजनी, पिसा, हिरडा पश्चिमेकडून येता येता कुठे थांबतात, सालई आणि मोई कुठे सुरू होतात, हिवर नेमका कुठल्या चौकटीपासून दिसू लागतो, हे सांगायला या पट्ट्यात ओळीने चौकटी भराव्या लागतील, आवडीची जागा न निवडता. दौंड-शिरूरच्या माळांना धबधबा नाही, धुकं नाही, आणि फोटोही फार येत नाहीत. जाणाऱ्याने सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरावा, सकाळी सातला सुरुवात करावी आणि पाणी घरून न्यावं, सावली मिळेल या भरवशावर राहू नये. ऑक्टोबर लागला की गवत पिकतं, कुसळं मोज्यांत शिरतात आणि यादी पुरी व्हायच्या आत माणूस गाडीकडे वळतो.